डबी तीच, आत मिसरी नाही



आधी एक आवाज ऐका. ऐकलात? ही पत्र्याची छोटी डबी आहे. आत भाजलेली बडीशेप आहे, म्हणून ती अशी खुळखुळते. गेल्या वर्षी या दिवसांत हीच डबी आमच्या कनवटीला होती, आणि कितीही हलवली तरी वाजत नव्हती. तिच्यात मिसरी दाबून भरलेली असायची.

आम्ही एका बचत गटाच्या अकरा जणी. आज आमच्यातल्या चौघी इथं माइकसमोर बसल्या आहेत, पण बोलणं सगळ्यांचं आहे. आमच्यात सगळ्यात मोठ्या आक्का, त्यांची साठी उलटली. सगळ्यात धाकटीला सव्विसावं लागलंय. अकरापैकी नऊ जणी मिसरी लावायच्या. कुणी दहा वर्षं, कुणी वीस, आक्का तर पन्नास वर्षं. त्या नऊपैकी सात जणींनी आज मिसरी सोडली आहे. दोघींची अजून सुटलेली नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे आम्ही फुशारकी मारायला आलोय असं वाटायला नको.

तुमच्याकडं कुणी मिसरी म्हणतं, कुणी मशेरी, कुणी मिश्री. वस्तू एकच. तंबाखू आणायचा, तव्यावर नाहीतर पत्र्यावर टाकायचा, काळा पडेपर्यंत भाजायचा. भाजताना घरभर ठसका उठतो, लेकरं खोकत बाहेर पळतात. मग तो हातावर चुरायचा आणि डबीत भरायचा. सकाळी उठलं की बोटावर घेऊन दाताला लावायचा, हिरड्यांवर फिरवायचा, आणि ओट्यावर बसून थुंकत राहायचं.

आमच्यातल्या एकीनंही मिसरी हौसेनं सुरू केली नाही. एकीची लहानपणी दाढ दुखत होती, आजीनं चिमूटभर लावली. एकीला लग्न होऊन सासरी आल्यावर थोरल्या जावेनं दिली, "लाव, पोट साफ होतं" म्हणून. एकीनं दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर पहिल्यांदा लावली, कारण लावली की भूक मरते. दुखणं थांबतं, पोट साफ होतं, भूक लागत नाही. ज्या बाईला दवाखाना लांब आणि घरात भाकरी मोजकी, तिला हे औषधच वाटणार.

म्हणून आम्ही याला कधी व्यसन म्हटलंच नाही. व्यसन म्हणजे गड्यांची दारू, गड्यांची बिडी. त्यांच्या नावानं आम्ही भांडलो, रडलो, गावात मोर्चासुद्धा काढला. आणि मोर्च्याहून आलो की ओट्यावर बसून मिसरी लावली. आम्ही म्हणायचो, आम्ही तर दात घासतो.

दात दिवसातून किती वेळा घासतात, बायांनो? आम्ही एकदा खरोखर मोजलं. सकाळी उठल्यावर एकदा. न्याहारी झाली की एकदा. दुपारी भांडी झाली की. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी. रात्री झोपताना. कुणाची पाच वेळा, कुणाची आठ वेळा. आठ वेळा कुणी दात घासत नाही.

आणि आम्ही काही थोड्याथोडक्या नाही. २०१६-१७ मध्ये सरकारनं देशभर तंबाखूची पाहणी केली. त्यात महाराष्ट्रातल्या मोठ्या वयाच्या बायांपैकी १७ टक्के बाया तंबाखूचं काही ना काही वापरताना आढळल्या. म्हणजे दर सहा बायांमागं एक. त्यांतल्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्या अगदी थोड्या. बाकीच्यांचा तंबाखू धूर न काढता पोटात जातो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आमच्या डोळ्यावर तो कसा आला, ते सांगतो.

आमच्या उपकेंद्रावर तिशी उलटलेल्या बायांची तपासणी होती. साखर, रक्तदाब, आणि बॅटरी मारून तोंडाची तपासणी. आशाताईंनी घरोघर फिरून आम्हाला गोळा केलं. आम्ही हसतखेळत गेलो. तोंड उघडायला लाजत होतो, कारण दात काळे. आमच्यातल्या एकीच्या खालच्या ओठाच्या आत, जिथं ती रोज मिसरी धरायची, तिथं पांढरा चट्टा निघाला. दुखत नव्हता, खुपत नव्हता. तिला वाटायचं, दही चिकटल्यासारखं काहीतरी असेल.

तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं बारीक तुकडा काढून तपासायला दिला. निकाल यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत तिनं कुणाला काही सांगितलं नाही, पण दोन कामं केली. धाकट्या लेकीला पोस्टातलं खातं दाखवून ठेवलं, आणि स्वतःची दोन लुगडी बहिणीला देऊन टाकली. बहिणीनं आम्हाला येऊन विचारलं, "हिला झालंय तरी काय?" तेव्हा आम्हाला कळलं, ती किती घाबरली होती.

निकाल आला. कॅन्सर नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, ही सूचना आहे. असा चट्टा पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतो. तंबाखू थांबवला तर तो कमी व्हायची, जायचीही आशा असते. थांबवला नाही तर भरवसा देता येत नाही. दर काही महिन्यांनी दाखवायला या.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या तिच्या ओट्यावर जमलो. ती म्हणाली, "मी आजपासून सोडली." मग आम्हीही म्हणालो, आम्हीही सोडली. फाल्गुन होता, पाडव्याच्या आधीचे दिवस. पाडव्याला डब्या उकिरड्यावर टाकल्या, देवाची आण घेतली.

आठवड्यात नऊच्या नऊ जणी पुन्हा लावायला लागलो होतो. चट्टा असलेलीसुद्धा.

हे सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे. कारण तुमच्यातही कुणी सोडून पाहिली असेल, जमलं नसेल, आणि मग तिनं ठरवलं असेल की आपल्यातच खोट आहे. खोट आपल्यात नाही. तंबाखूत निकोटिन असतं. ते हिरडीच्या कातडीतून रक्तात जातं आणि मेंदूला त्याची सवय लागते. ते मिळालं नाही की अंग ओरडतं. डोकं दुखतं, हात कापतात, झोप येत नाही, कशावरही राग येतो, पोट साफ होत नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. मग हळूहळू कमी होत दोन-चार आठवड्यांत अंग बरंचसं निवळतं. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिसऱ्या दिवशी आम्हाला वाटलं नसतं की आता मरणार.

एकीची तर तिसऱ्या दिवशी दाढ ठणकायला लागली. मिसरीनं आजवर दुखणं दडपून ठेवलेलं होतं. मिसरी बंद झाली आणि किडलेली दाढ बोलायला लागली. ती म्हणाली, "बघा, मिसरी सोडली आणि दात गेले." आम्हालाही ते खरं वाटलं.

त्यात आम्ही वेळही चुकीची धरली होती. पाडव्यापाठोपाठ लग्नसराई. हळदीला गेलं की बायांच्या घोळक्यात डबी फिरणार, पान फिरणार. नाही म्हणायचं तरी कितीदा?

पण खरं कारण आम्हाला नंतर उमगलं, ते निराळंच होतं.

एक दिवस गटाच्या बैठकीत आमची धाकटी म्हणाली, "मला मिसरीची एवढी आठवण येत नव्हती. मला ओट्याची आठवण येत होती." आम्ही म्हटलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "मी नुसती बसले, की सासूबाई हाक मारतात, पोर हाक मारतं, मालक हाक मारतात. पण 'मिसरी लावतेय' म्हटलं, की कुणी काही म्हणत नाही. तेवढी पंधरा मिनिटं माझी असतात."

सगळ्या गप्प झाल्या. कारण प्रत्येकीचं तेच होतं. पहाटे पाचला उठल्यापासून रात्री दहापर्यंत आपल्याला बसायची मुभा फक्त मिसरीनं दिलेली. "जरा बसलेय" हे उत्तर कुठल्याच घरात चालत नाही. "मिसरी लावतेय" हे चालतं. शेजारणीशी चार शब्द बोलायचे, सुखदुःख सांगायचं, ते सगळं मिसरीच्या निमित्तानं. आम्ही डबी टाकली, तेव्हा तिच्याबरोबर आमचं बसणंही टाकलं होतं. मग ते सुटणार कसं?

तेव्हा आम्ही ठरवलं, दुसऱ्यांदा सोडायची, पण बसणं सोडायचं नाही.

या वेळी पौष महिना धरला. पौषात लग्नं नसतात, हळदी नसतात. ज्वारीच्या काढणीला अजून अवकाश असतो. त्याआधी पंधरा दिवस तयारी केली. प्रत्येकीनं भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या, जितक्या वेळा मिसरी तितक्या रेघा. कोणत्या वेळची रेघ सगळ्यात अवघड, ते बघितलं. जिची दाढ किडली होती, तिला आधी दातांच्या डॉक्टरकडं नेली. दाढ काढून घेतली, दुखण्याचं निमित्तच संपवलं. घरात सांगून ठेवलं, की पंधरा-वीस दिवस आमची चिडचिड होईल, मनावर घेऊ नका. एकीचे मालक म्हणाले, "ती तर रोजच होते." हसलो आणि पुढं गेलो.

मग तीन नियम केले.

पहिला नियम. रोज दुपारी तीन वाजता पारावर बसायचं. पंधरा मिनिटं. निवडायला भाजी आणायची नाही, शिवण आणायचं नाही. डबीत बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा. सुपारी नाही. नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलेलं आहे. एक सोडून दुसरं धरायचं नाही.

दुसरा नियम. तलफ आली की घड्याळ बघायचं. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, ती कायम राहत नाही. तेवढ्यात पाणी प्यायचं, चूळ भरायची, शेजारच्या मैत्रिणीला हाक मारायची. रात्री तलफ आली तर फोन करायचा. आमच्या गावात त्या पौषात रात्री अकराला बायांचे फोन वाजायचे. घरच्यांना वाटायचं, कुणी गेलं की काय!

तिसरा नियम. चुकलं तर लपवायचं नाही. पारावर येऊन सांगायचं. ऐकणारीनं "शी" म्हणायचं नाही, "अगं बाई" म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, कधी झालं आणि तेव्हा काय चाललं होतं.

हा तिसरा नियम आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. आमच्यातल्या एकीनं सहा महिने बोटालाही लावली नव्हती. श्रावणात तिचा भाऊ गेला. माहेरी दहा दिवस राहिली, रडणाऱ्या बायांत बसली, आणि कुणीतरी डबी पुढं केली. परत आली ती पारावर येईना. आम्ही तिच्या घरी गेलो. म्हणाली, "माझी सगळी तपश्चर्या गेली." आक्का म्हणाल्या, "सहा महिने कुठं जात नाहीत बाई. चालताना ठेच लागली, तर माणूस निघाल्या ठिकाणी परत जातं का? उठून पुढंच चालतं." ती दुसऱ्या दिवशी आली. आता तिलाही पुन्हा तीन महिने होऊन गेले.

आक्कांचं सांगायचं राहिलं. ज्या दोघींची सुटली नाही, त्यांतल्या एक आक्काच. आठ वेळांवरून दोन वेळांवर आल्यात. त्या रोज तीनला पारावर असतात, आणि पारावर त्या मिसरी लावत नाहीत. त्या म्हणतात, "पन्नास वर्षांचा संसार आहे तिच्याशी, काडीमोड घ्यायला वेळ लागणारच." त्यांना आम्ही आता जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात नेणार आहोत. तिथं बोलून, समजावून मदत करतात, लागलं तर औषधही देतात. निकोटिनचा च्युइंगम मिळतो, तोही डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा. मनानं दुकानातून आणायचा नाही.

आणि आमची धाकटी. तिनं सोडली तेव्हा तिला दुसरा महिना होता. आम्हाला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. पहिल्या खेपेला तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं होतं, वजन दोन किलोच्या आत. ते जगलं, देवाची कृपा. तेव्हा ती दिवसाला सहा वेळा मिसरी लावायची, आणि आम्हीच तिला सांगायचो, लाव, मळमळ थांबते. आईनं तंबाखू वापरला की निकोटिन नाळेतून बाळापर्यंत जातं. बाळ कमी वजनाचं होणं, अवेळी होणं, पोटातच जाणं, या सगळ्याचा धोका वाढतो. अंगावर पाजताना दुधातूनही ते जातं. पहिल्या वेळी मिसरीमुळंच तसं झालं, असं कुणी डॉक्टर म्हणाले नाहीत. पण आम्ही तिला लाव म्हटलं होतं, हे आम्ही विसरत नाही. दुसरी लेक पावसाळा सरता सरता झाली. दिवस भरून झाली, वजन पावणेतीन किलो. पारावर पेढे वाटले.

आता पैशाचं बोलू, बचत गटाच्या बाया आहोत. दहा रुपयांचा तंबाखू दोन दिवस पुरायचा. म्हणजे दिवसाला पाच रुपये, वर्षाला १,८२५ रुपये. आमच्या गटाची बचत महिन्याला शंभर रुपये, वर्षाला १,२००. म्हणजे गटात जमा करायचो त्यापेक्षा जास्त तव्यावर जाळायचो. नऊ जणींचे मिळून वर्षाला १६,४२५ रुपये. एवढ्यात गटाच्या एका बाईला शेळ्या घ्यायला कर्ज देता आलं असतं.

आणि तो तंबाखू आणायला आम्ही कुणाला पाठवायचो? लेकरांना. हातात दहाची नोट द्यायची आणि म्हणायचं, पळ. २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी आहे. दुकानदार चुकत होता, आणि पाठवणाऱ्या आम्ही होतो. आमच्यातल्या एकीची पाच वर्षांची नात भातुकलीत रिकाम्या झाकणावर माती भाजत होती. विचारलं, काय करतेस? म्हणाली, "मिसरी." ते ऐकून आजीच्या पोटात जे कालवलं, ते कुठल्या डॉक्टरच्या बोलण्यानंही कालवलं नव्हतं.

बायांनो, आता थोडं कामाचं सांगतो, लक्षात ठेवा.

आरसा घ्या, उजेडात उभ्या राहा, तोंड उघडा. ओठ उलटून बघा, गाल आतून बघा, जीभ वर करून खाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं फोड-जखम, गाठ, गिळायला त्रास, तिखट लावलं की आग, तीन बोटं उभी आत जात नाहीत इतकं तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. आमच्या मैत्रिणीचं दुखत नव्हतं. आशाताईंना सांगा, उपकेंद्रावर जा. तिशीपुढच्या बायांची तोंडाची तपासणी तिथं फुकट होते.

भाजल्यानं तंबाखूचं विष जळून जातं, असं कुणी सांगेल. तसं नाही. निकोटिन राहतंच, आणि भाजताना आणखी घातक द्रव्यं तयार होतात. दातांना मिसरी लागत नाही. ब्रश, साधी पेस्ट, नाहीतर कडुनिंबाची काडी पुरे. मंजन घेतलं तर पाकिटावर काय लिहिलंय ते लेकीकडून वाचून घ्या. दातांच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे.

पोट साफ होत नाही म्हणून मिसरीकडं परत जाऊ नका. सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, थोडं चालणं. काही आठवड्यांत पोट आपोआप वळणावर येतं. आणि भूक लागेल, जास्त लागेल. घाबरू नका. ती तुमचीच भूक आहे, इतकी वर्षं मारलेली. अर्धी भाकरी जास्त खा.

बोलायला कुणी नसेल, तर सरकारचा फुकट फोन आहे, तंबाखू सोडणाऱ्यांसाठी. नंबर लिहून घ्या. १८००-११-२३५६. पुन्हा सांगतो, १८००-११-२३५६. घरातल्या गड्याला बिडी सोडायची असेल, तर त्यालाही हाच नंबर द्या.

आमच्या त्या मैत्रिणीचा चट्टा आता पुसट झालाय. डॉक्टरांनी आरशात दाखवला तिला. पुढच्या तपासणीला जायचंच आहे, आम्ही दोघी-तिघी बरोबर जाणार आहोत. बहिणीला दिलेली लुगडी तिनं परत मागितली. बहीण म्हणाली, "एक देते, एक ठेवते." त्यावरून अजून भांडण चालू आहे.

आता मार्गशीर्ष चालला आहे. गुरुवारी हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जाल. जाल तेव्हा विचारा एकमेकींना, तुझी किती वेळा? खरं सांगा, हसू नका. मग येणारा पौष धरा. लग्नं नाहीत, काम कमी, रात्र मोठी. आधी पंधरा दिवस रेघा मारा. एकटीनं सोडायला जाऊ नका, चौघी मिळून सोडा. आणि दुपारी तीनला बसायला जागा शोधा. कुणी विचारलं, काय करताय गं, तर सांगा, बसलोय.

आम्हीही तेव्हा आमच्या पारावर बसलेल्या असू. आक्काही असतील.